एका गाडीत बारा जणांचा माल

पहाटे पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे निघालेल्या पिकअप गाड्या आम्हा नाशिककरांच्या परिचयाच्या आहेत. समजा, एका गाडीत बारा शेतकऱ्यांचे प्रत्येकी पाच क्रेट टोमॅटो आहेत आणि गाडीभाडे १,२०० रुपये आहे. एकट्याने गाडी केली असती तर क्रेटमागे २४० रुपये पडले असते. बारा जणांत ते २० रुपयांवर येतात. ब्लॉकचेनवरील व्यवहारांचे गट करण्यामागे हाच हिशेब आहे. मात्र त्यात एक मेख आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला आहे.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकसारखी ठेवलेली खातेवही. इथेरियम ही त्यांतली एक मोठी वही. तिच्यात साधारण दर १२ सेकंदांनी नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडले जाते आणि पानावरची जागा मर्यादित असते. साधे पैसे पाठवायचे तरी ‘गॅस’ची २१,००० एकके लागतात. हे झाले ठरलेले भाडे. गॅसचा दर मात्र गर्दीवर ठरतो. ऑगस्ट २०२१ पासूनच्या नियमानुसार एक पान पूर्ण भरले, की पुढच्या पानाचा मूळ दर १२.५ टक्क्यांनी चढतो. सलग दहा पाने भरली तर दोन मिनिटांत दर तिपटीच्या वर जातो. व्यवहार मध्येच फसला, तरी तोवर खर्च झालेल्या गॅसचे पैसे परत मिळत नाहीत.

यावरचा एक उपाय मुंबईत सुरू झालेल्या प्रकल्पातून पुढे आला. २०१७ मध्ये जयंती कनानी, संदीप नेलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी मॅटिक नेटवर्क उभारले. २०२१ मध्ये त्याचे नाव पॉलिगॉन झाले. या साखळीवर व्यवहार स्वस्तात होतात आणि ठरावीक काळाने तिच्या अनेक ब्लॉकांचा एकत्रित ठसा इथेरियमवर नोंदवला जातो. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात ६५,००० जात प्रमाणपत्रे याच साखळीच्या आधारे पडताळता यावीत, असे काम हाती घेण्यात आले.

हाच आकडा उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक प्रमाणपत्राची इथेरियमवर वेगळी नोंद केली, तर किमान १३६ कोटी ५० लाख एकके गॅस लागेल. २०२२ मध्ये एका पानाची कमाल मर्यादा ३ कोटी होती. म्हणजे पंचेचाळीसहून अधिक पाने या एकाच कामाने भरली असती.

आता गट करून पाहू. राल्फ मर्कल या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलेली रीत अशी : प्रत्येक कागदाचा ३२ बाइटचा गणिती ठसा काढायचा. दोन ठसे जोडून त्यांचा एक ठसा, अशा दोन ठशांचा पुन्हा एक, असे वर जायचे. सोळा पायऱ्यांत ६५,५३६ कागदांचा मिळून एकच ठसा उरतो. वहीत फक्त तोच नोंदवायचा. एखाद्या विद्यार्थिनीला आपले प्रमाणपत्र त्यातलेच आहे हे सिद्ध करायचे असेल, तर वाटेतले सोळा ठसे, म्हणजे अवघे ५१२ बाइट, पुरतात. इतरांचे कागद कुणाला दाखवावे लागत नाहीत, आणि मूळ कागदात एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही.

मेख इथेच आहे. हे सोळा ठसे त्या मुलीच्या हाती दिलेच नाहीत आणि गट करणाऱ्याने दुकान बंद केले, तर वहीतला तो एक ठसा तिच्या काय कामाचा? गाडीत माल गेला, पण हिशेबपट्टी गाडीवाल्याच्या खिशात राहिली, अशातली गत.

म्हणून ‘रोलअप’ नावाच्या पद्धतीत गटासोबत आतल्या व्यवहारांचा तपशीलही आवळून इथेरियमवर टाकतात. मार्च २०२४ पासून त्यासाठी वेगळी, स्वस्त जागा मिळू लागली. गट खरा आहे की नाही हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत तो खरा धरून हरकतीसाठी साधारण सात दिवस ठेवतात. दुसरीत प्रत्येक गटासोबत गणिती पुरावा द्यावाच लागतो.

तरीही गाडी हाकणारा एकच असतो. त्याला सिक्वेन्सर म्हणतात. १५ डिसेंबर २०२३ रोजी वर्दळ अचानक वाढल्याने आर्बिट्रम या मोठ्या रोलअपचा सिक्वेन्सर तासाभराहून अधिक काळ बंद पडला होता. गट केल्याने गर्दी नाहीशी होत नाही. ती मुख्य रस्त्यावरून गाडीतळावर सरकते. अशा वेळी गाडीवाल्याला वगळून थेट मुख्य वहीतून आपला व्यवहार पुढे नेण्याची सोय लागते. आर्बिट्रममध्ये ती आहे, फक्त तिला सुमारे एक दिवस लागतो.

त्यामुळे एखादी सरकारी वा खासगी योजना ‘ब्लॉकचेनवर’ असल्याचे ऐकले, की मी तीन गोष्टी विचारतो. माझा पुरावा माझ्या हाती आहे का? तपशील गट करणाऱ्याखेरीज आणखी कुठे ठेवला आहे का? आणि तो थांबला तर मला वाट आहे का? भाडे बारा जणांत वाटून घ्यावे. हिशेबपट्टी मात्र ज्याची त्याने आपल्याजवळ ठेवावी.