टुक टुक कुठून येतं?

मुंबईत राणीच्या बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये फिरताना ‘टुक टुक टुक’ असा एकसुरी आवाज कानावर पडतो, पण पक्षी काही दिसत नाही. हा तांबट. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा तो ही टुकटुक करतो, आणि तीही चोच मिटून! प्रत्येक स्वराबरोबर त्याचा गळा फुगतो आणि बसतो. ओरडताना तो मान इकडेतिकडे वळवतो, म्हणून आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो.

अंगाचा हिरवा रंग पानांत मिसळून जातो. तेव्हा पानं धुंडाळू नका; सकाळी उन्हाला बसलेला तांबट शेंड्याच्या निष्पर्ण फांदीवर सापडतो. नाहीतर फळांनी लगडलेल्या वड-पिंपळाखाली थांबा.

फोटोत मात्र तो हमखास काळा येतो. पाठीमागचं उजळ आकाश पाहून कॅमेरा आपणहून प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर एका स्टॉपने वाढवा, म्हणजे कपाळावरचा लाल ठिपका उठून दिसेल. ठिपका नसेल तर ते पिल्लू. महागडी लेन्स नसली तरी बिघडत नाही. साधी दुर्बीण जास्त शिकवते, असं माझं मत.

वाळक्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक दिसलं, तर ते त्याचं घरटं असू शकतं. तिथे गर्दी करू नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आणि सोसायटीतली वाळकी फांदी धोकादायक नसेल तर राहू द्या.