पफिन नावाचा पक्षी पफिन नाहीच!

आजचा एपिसोड समुद्रपक्ष्यांच्या नावांवर. हेडफोन जवळ नसतील तर इथे वाचा.

शिअरवॉटर म्हणजे पाणी कातरणारा. लांब, ताठ पंख न हलवता हा पक्षी लाटांवरून इतका खालून जातो की पंखाचं टोक पाणी कापतंय असंच वाटतं. ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या बेटांवर मँक्स शिअरवॉटर घरटी करतो. त्याचं शास्त्रीय नाव आहे पफिनस पफिनस. आता फोनवर नुसतं 'पफिन' सर्च करा. रंगीत चोचीचा, जोकरसारखा दिसणारा भलताच पक्षी येईल! आणि हे दोघं जवळचे नातेवाईकसुद्धा नाहीत.

कारण 'पफिन' हे मुळात एका पदार्थाचं नाव होतं. शिअरवॉटरचं पिल्लू बिळात बसून आईबापांनी आणलेलं खाऊन खाऊन फुगतं, मोठ्या पक्ष्यापेक्षाही जड होतं. लोक त्याला बिळातून ओढून काढायचे, खारवायचे. त्या खारवलेल्या चरबीदार पिल्लाला पफिन म्हणत. चौदाव्या शतकात सिली बेटांचा वर्षाचा खंड 300 पफिन असा लावलेला होता. आपल्याकडे कुळं खंडाला भात घालायची, तिथे पिल्लं. पुढे बिळातच राहणाऱ्या त्या रंगीत चोचवाल्याला हे नाव चिकटलं, आणि शास्त्रीय नावात मात्र जुनंच राहिलं. आम्ही कोड लिहिणारे असं रोज करतो: काम बदलतं, व्हेरिएबलचं नाव तेच. हसू नका, आपला बोंबीलही मासा असून इंग्रजीत 'बॉम्बे डक' झालाय.

सगळीच नावं पोटातून आलेली नाहीत. शिअरवॉटरचे पाय इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. दिवसा उतरला तर मोठे कुरव पक्षी त्याला मारून खातात. म्हणून तो बिळाकडे येतो ते रात्रीच्या अंधारात, आणि येताना किंचाळत, घसा बसल्यासारखा रडत. असे हजारो आवाज एकदम कल्पून बघा. स्कॉटलंडच्या रम बेटावर त्यांची प्रचंड वस्ती आहे आणि तिथल्या एका डोंगराला जुन्या नॉर्स दर्यावर्दींनी ट्रोलचा, म्हणजे राक्षसांचा, डोंगर म्हटलं. ते याच आवाजांमुळे, असं मानतात.

मला सगळ्यात आवडलेलं नाव तुर्की आहे: येल्कोव्हान, वाऱ्यामागे धावणारा. इस्तंबूलच्या बॉस्फरसमधून त्याचे थवे खाली-वर जात राहतात, टेकलेले जवळजवळ दिसतच नाहीत. त्यामुळे लोक म्हणायचे, हे शांती न मिळालेले आत्मे आहेत. गंमत म्हणजे तुर्कीत घड्याळाच्या मिनिटकाट्यालाही येल्कोव्हानच म्हणतात.

आता शिअरवॉटरच्या एका भावकीतल्या पक्ष्याचं नाव ऐका. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली होती. मार्च 1790 मध्ये 'सिरियस' हे जहाज तिथे खडकावर फुटलं आणि माणसं उपासमारीच्या तोंडाशी आली. नेमके तेव्हाच माउंट पिट डोंगरावर पेट्रेल पक्षी घरटी करायला उतरत होते. माणसाची सवय नसल्याने ते पळायचेही नाहीत. काही महिन्यांत दीड लाखाहून जास्त पक्षी मारले गेले. वसाहत जगली. पक्ष्याला नाव मिळालं प्रॉव्हिडन्स पेट्रेल, देवानं धाडलेला. नंतर कत्तल आणि बेटावर आणलेली डुकरं मिळून थोड्याच वर्षांत त्या बेटावरून तो संपला. आज तो मुख्यतः लॉर्ड हाऊ बेटावर घरटी करतो. नाव अजून तेच आहे.

'मँक्स'चंही तसंच. आइल ऑफ मॅनच्या ज्या काफ बेटावरून हे नाव आलं, तिथे अठराव्या शतकात फुटलेल्या जहाजातून उंदीर पोचले आणि वस्ती बसली. दीडशेहून जास्त वर्षं मँक्स शिअरवॉटर होता, फक्त तिथे नव्हता. 1960च्या दशकात तो पुन्हा घरटी करताना सापडला, आणि उंदीर कमी केल्यावर आता आकडा हळूहळू वाढतोय.