हिरवळीचा धनी कोण?

आमचे पुलगाव म्हणजे वर्धा नदीचा काठ, दारूगोळ्याचे भांडार आणि काळी माती. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे नवी मुंबईत, खारघरच्या डोंगराशी सिडकोने उभारलेले गोल्फ मैदान पाहताना माझी नजर खेळाआधी गवतावर गेली. इथे शुल्क भरून सामान्य माणसालाही खेळता येते.

गिऱ्हाईक पैसे मोजते ते या गवतासाठीच. चेंडू ज्या भोकात घालायचा ते जेमतेम १०८ मिलिमीटर रुंद. भोवतीचे गवत अगदी बारीक कापलेले नसेल, तर चेंडू भरकटतो. गवत बिघडले की खेळणारे पांगतात, उत्पन्न घटते आणि गवत आणखी बिघडते.

म्हणूनच या खेळात एक रीत आहे. वाळूत उमटलेली पावले खेळाडूनेच दाताळ्याने पुसायची, चेंडूने पडलेला खळगा त्यानेच बुजवायचा. वेळीच बुजवला तर हिरवळ लवकर सावरते. तसाच सोडला तर आठवडे लागतात.

आपल्या गावच्या मैदानांवर मांडव उठतो, खड्डे मात्र राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांत पाय मुरगळतो तो आपल्याच पोरांचा. गोल्फ आपल्याकडे येवो न येवो, त्याची ही रीत तेवढी यावी!