उष्टे, उरलेले आणि हक्काचे

भुकेविरुद्ध आणि अन्नाच्या नासाडीविरुद्ध आज जगातील अनेक विद्यापीठांत विद्यार्थी बोलू लागले आहेत. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाने २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाबरोबर विद्यार्थ्यांची एक मोहीम उघडली. तिच्यातून 'युनिव्हर्सिटीज फायटिंग वर्ल्ड हंगर' हे अनेक देशांतील विद्यापीठांचे जाळे उभे राहिले. २०११ मध्ये मेरिलँड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी भोजनगृहात शिल्लक राहणारे अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचविण्यास आरंभ केला. ती 'फूड रिकव्हरी नेटवर्क'ची सुरुवात होय. पोर्तुगालमधील अशाच एका उपक्रमावरून २०१४ मध्ये दिल्लीत 'रॉबिन हूड आर्मी' निघाली आणि पुढे मुंबईसह अनेक शहरांत, पाकिस्तानातही, तरुण मुलेमुली हॉटेलांतील व लग्नघरांतील उरलेले अन्न वस्त्यांत वाटू लागली. २९ सप्टेंबर हा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या वतीने २०२० पासून अन्नाच्या नासाडीविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. आमच्या उपनगरांतील महाविद्यालयांतही आता अशा दिवशी भित्तिपत्रके लागतात, शपथा घेतल्या जातात.

ह्या हालचालीचे स्वागतच केले पाहिजे. ज्या वयात माणूस स्वतःच्या नोकरीपलीकडे पाहत नाही असे म्हणतात, त्या वयात ही मुले दुसऱ्याच्या पोटाचा विचार करतात, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके गावाचे उष्टेच आले, त्या समाजातील विद्यार्थी ह्या चळवळीत कोणत्या भूमिकेतून उतरणार? उरलेले अन्न वाटणारा म्हणून, घेणारा म्हणून, की अन्नावरचा हक्क सांगणारा म्हणून? ह्या प्रश्नाची फोड करणे आवश्यक आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. घरे, हॉटेले आणि दुकाने यांच्यापर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. त्यातील ६० टक्के नासाडी घराघरांतील आहे. हिंदुस्थानातील घरगुती नासाडीचा अंदाज दर माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे, जगाची सरासरी ७९ किलो आहे. ह्या हिशेबात साली, हाडे, बिया असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, हे आकडा वापरताना लक्षात ठेवावे. दुसऱ्या बाजूला, संयुक्त राष्ट्रांच्याच २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे ६७ कोटी माणसे उपाशी होती. आपल्या महाराष्ट्राचे काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातील पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ज्या राज्याची राजधानी देशाची तिजोरी म्हणून मिरवते, त्या राज्यातील ही गोष्ट आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक सोपे गणित सुचते. इकडचे वाया जाणारे उचलावे, तिकडच्या उपाशी माणसाला द्यावे, प्रश्न मिटला! बहुतेक भित्तिपत्रके ह्याच गणितावर उभी असतात. पण हे गणित चुकीचे आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळावरील ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन दाखविले की, माणसे मेली ती अन्न नव्हते म्हणून नव्हे, तर असलेले अन्न मिळविण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते म्हणून. मजुरी, जमीन, दाम यांपैकी काहीच नसलेला माणूस भरल्या बाजारात उपाशी मरतो. म्हणजे भूक हा सत्तेचा आणि मालकीचा प्रश्न आहे. ताटात भात कमी टाकल्याने तो भात आपोआप भूमिहीन मजुराच्या घरी चालत जात नाही.

आपल्या समाजाला हे कळण्यासाठी ग्रंथाची गरज नव्हती. गावगाड्यात अन्न भरपूर असतानाही महारवाडा अर्धपोटी होता. येसकराने पाळीप्रमाणे दारोदार फिरावे, भाकरी मागावी आणि मिळेल ती शिळी भाकर टोपलीत घेऊन यावे, ही रीत होती. मौज अशी की, गाव ह्या मागण्यालाही 'हक्क' म्हणत असे! बलुत्याच्या ह्या 'हक्का'चा अभिमान बाळगणारी माणसे आपल्यातही होती. ज्या हक्कासाठी दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून हाक मारावी लागते आणि जो देणाऱ्याच्या मर्जीवर आटतो, तो हक्क कसला? महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून कायदेमंडळात जो लढा दिला त्याचे मर्म हेच होते.

त्याआधी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. आणि त्याच परिषदेतून हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली व त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. ह्या दोन कृती अलग नाहीत. दयेने मिळणारे नाकारायचे आणि सार्वजनिक आहे ते हक्काने घ्यायचे, असा तो एकच कार्यक्रम होता. अन्नाच्या प्रश्नावर आज बोलू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा स्पष्ट दिशा कोणती मिळणार?

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. मी राहतो त्या चारकोपकडे पाहा. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने येथे लहान उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी आखलेले भूखंड दिले. पाणी, गटारे, रस्ते सरकारने करायचे आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी योजना होती. त्या बैठ्या घरांवर आज मजले चढले आहेत. शेजारच्या टॉवरांतून धुणीभांडी करणाऱ्या बाया कामावरून परतताना पिशवीत डबा आणतात. आदल्या रात्रीची भाजी, पार्टीतला पुलाव. देणारीच्या मनात वाईट असते असे नाही. पण तो डबा पगाराच्या हिशेबात धरला जातो. 'जेवण देतो की' म्हणून पगारवाढ टळते. येसकराची टोपली अशी लिफ्टने उतरून येते.

नासाडीचे दुसरे टोकही आपल्याच माणसांच्या हाती आहे. टाकलेले अन्न नाहीसे होत नाही, ते कोणालातरी उचलावे लागते. चारकोपच्या जवळच, गोराईच्या डम्पिंग ग्राउंडवर, २००७ पर्यंत उपनगरांचा कचरा पडत होता. आता तो देवनार-कांजूरमार्गला जातो. मुंबईच्या कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा आहे. तो उपसणारे कामगार बहुसंख्येने दलित आहेत. त्यांपैकी २,७०० कंत्राटी कामगारांना कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांचा विजय झाला. अन्नाच्या नासाडीवर घोषणा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने सडलेले अन्न उपसणाऱ्या ह्या हातांची नोंद घेतली नाही, तर त्याची घोषणा अर्धीच राहील.

मग हक्काची वाट कोणती? ती ह्या देशात चालून दाखविलेली आहे. २००१ साली सरकारी गोदामांत पाच कोटी टनांच्या आसपास धान्य साठले होते आणि राजस्थानसारख्या राज्यांत माणसे भुकेने मरत होती. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने शाळेत कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न देण्याचे बंधन सरकारांवर घातले. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने तर स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. हे कलम फार मोलाचे आहे. दलित स्त्रीने शिजवलेले अन्न सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीत खावे, हा त्याचा अर्थ. ते अन्न मुलांना खाऊ न देणारे पालक अनेक राज्यांत निघाले, ह्यावरूनच त्याचे मोल कळते. जात विद्यापीठाच्या दारातही थांबत नाही. २०२३ मध्ये पवईच्या आयआयटीच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली, तेव्हा विद्यार्थ्यांना त्याविरुद्ध उभे राहावे लागले आणि दंड सोसावा लागला.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत व शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. शाळेतील जेवणही कायद्यात आले. पण कोठवर? आठवीपर्यंत. चौदा वर्षांनंतर गरिबाच्या मुलाची भूक कायद्याला दिसत नाही. सकाळी सातच्या तासाला माझ्या वर्गात जी मुलेमुली बसतात, त्यांतील कितीतरी चहा-बिस्किटावर आलेली असतात. दुपारी वडापाव खाऊन ती कामावर जातात. तिसऱ्या तासाला जी मुले डुलकी घेतात, त्यांना आपण शिक्षक सहज 'आळशी' म्हणून मोकळे होतो.

महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार हा जेवणाच्या पंगतीवरून झालेला आहे, हे आपण विसरतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगे उघडली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. स्वतः बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला. त्या उपासाचे आपण पोवाडे गातो, पण उद्याच्या मुलावर तोच उपास यावा अशी बाबासाहेबांची इच्छा होती काय? शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने २०१६-१७ मध्ये 'स्वाधार' योजना आणली. मूळ निर्णयात मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरले. त्यांतील ३२ हजार भोजनाचे, म्हणजे दिवसाला ८८ रुपयेही नाहीत. तेही वेळेवर हाती येत नाहीत, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. भूक रोज लागते, हप्ता मात्र वर्ष सरता सरता येतो.

म्हणून विद्यार्थ्यांची भूक हा विद्यार्थ्यांच्या आंदोलनाचा विषय झाला पाहिजे, आणि तो झालेला आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात मेसचे दर वाढले म्हणून संप झाला. त्यातून नवनिर्माण आंदोलन पेटले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये गुजरातचे मंत्रिमंडळ गेले. २१ फेब्रुवारी २०१८ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांनी संप केला. शिष्यवृत्तीधारक दलित, आदिवासी व ओबीसी विद्यार्थ्यांना वसतिगृह व भोजनगृहाच्या खर्चात मिळणारी सवलत काढून घेतली म्हणून हा संप होता. अमेरिकेतही विद्यार्थ्यांना हे उमजले आहे. २०१० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या 'स्वाइप आउट हंगर' ह्या उपक्रमात विद्यार्थी आपल्या भोजनखात्यातील न वापरलेली जेवणे उपाशी सहाध्यायांना देतात. येथे उरलेले ताट दिले जात नाही. जेवणाची जागा दिली जाते, त्याच रांगेत आणि त्याच टेबलावर. हा फरक आपण नीट पाहिला पाहिजे.

उरलेले अन्न गोळा करून वाटूच नये, असे माझे म्हणणे नाही. हात न लावलेले, ताजे अन्न कचऱ्यात जाण्यापेक्षा कोणाच्या मुखी लागले तर उत्तमच. पुरात, साथीत, टाळेबंदीत अशा वाटपाने माणसे जगली आहेत. पण उष्टे, उरलेले आणि हक्काचे ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उष्टे कोणालाच देऊ नये. उरलेले द्यायचे तर आधी स्वतः खाण्याजोगे आहे काय हे पाहावे, आणि घेणाऱ्याचा फोटो काढून त्याची लाज बाजारात मांडू नये. हक्काचे मात्र दिले जात नसते, ते मागून घ्यावे लागते.

महाविद्यालयातील कार्यकर्त्यांना करता येईल असे पुष्कळ आहे. कॅन्टीनमध्ये आठवडाभर रोज किती अन्न टाकले जाते ते तोलावे, आणि त्याच आठवड्यात वर्गातील किती जण न जेवता आले ते नाव न विचारता मोजावे. हे दोन्ही आकडे एकाच फलकावर लिहून प्राचार्यांपुढे ठेवावेत. महाविद्यालयात स्वस्त व पोटभर थाळी मागावी. स्वाधारचे पैसे सत्राच्या आरंभी मिळावेत म्हणून समाजकल्याण कार्यालयात निवेदन घेऊन जावे. वस्तीत कोणाची नावे रेशन कार्डावरून गळाली ते शोधून अर्ज भरून द्यावेत. कॅन्टीनचा ओला कचरा उचलणाऱ्या कामगाराला हातमोजे मिळतात काय, किमान वेतन मिळते काय, हेही विचारावे.

शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या अन्नसंस्कृतीवरील आपल्या पुस्तकाला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले आहे. पूर्णब्रह्माचे फलक लावणाऱ्यांनी ह्या एका 'अ'वर विचार करावा. ज्या देशात अन्न कोणी पिकवावे, कोणी शिजवावे, कोणी आधी खावे आणि कोणी उरलेले उचलावे हे जन्मावरून ठरत आले, तेथे ताटात काही टाकू नका एवढे सांगून भागत नाही. पंगतीतल्या जागेचा प्रश्न सोडविला पाहिजे. भुकेविरुद्ध जगभर उठणाऱ्या आवाजात दलित विद्यार्थ्याने हा प्रश्न मिसळावा. तो त्याच्याइतक्या अधिकाराने दुसरा कोणी विचारू शकणार नाही.