एका बादलीची वीज

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी ऑगस्ट 2024 मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरली. घरांच्या छतांवर पॅनेल बसली. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट वीज देते. ही वीज घरात मुरते कुठे?

15 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 0.44 युनिट लागते. तेवढ्यात 9 वॉटचा एलईडी दिवा सलग दोन दिवस जळतो! पाणी तापायला फार ऊर्जा खाते, तो त्याचा गुणधर्मच आहे. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावाच, पण खरी बचत न्हाणीघरात आहे. चार माणसांच्या घरात आंघोळीलाच रोज पावणेदोन युनिट जातात. छतावरचा सौर बंब ही वीज बरीचशी वाचवतो.

सांगलीच्या उन्हाळ्यात पंख्याला विश्रांती नसते. जुना पंखा 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालला, तर एका पंख्यामागे महिन्याला 16 युनिट वाचतात.

वेळही महत्त्वाची. सूर्य मावळला की पॅनेल थांबतात, नेमकी तेव्हाच मागणी चढते. पाटणचाच कोयना जलविद्युत प्रकल्प अशा वेळी धावून येतो, कारण जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतात. तरी उरलेला भार मुख्यतः कोळशावर पडतो. म्हणून इस्त्री, धुणे, पाण्याची मोटर ही कामे दुपारीच उरका.