एकच म्युटेशन, तीन आजार: असं कसं?

समजा, तुमच्यासमोर तीन पेशंट आहेत. पहिल्याचं हिमोग्लोबिन 19. दुसऱ्याच्या प्लेटलेट्स 9 लाख. तिसऱ्याची प्लीहा खूप वाढलेली, पण हिमोग्लोबिन उतरलेलं. आजारांची नावंही तीन: पॉलिसायथेमिया व्हेरा, इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया आणि मायलोफायब्रोसिस. पहिल्यात तांबड्या पेशी वाढतात, दुसऱ्यात प्लेटलेट्स, आणि तिसऱ्यात अस्थिमज्जेत तंतूंचं जाळं तयार होतं.

हे सगळे एकाच घरातले असावेत, असं 1951 मध्ये विल्यम डॅमशेक यांनी ‘ब्लड’ या जर्नलमध्ये मांडलं. हातात पुरावा फारसा नव्हता. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्याला ‘तर्क’ म्हटलं होतं!

पुढचा धागा 1974 चा. तांबड्या पेशी वाढायला एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन लागतं. पण प्रचल आणि ॲक्सेलराड यांना दिसलं, की पॉलिसायथेमियाच्या पेशंटची मज्जा कल्चरमध्ये ठेवली, तर हे हार्मोन न घालताही तांबड्या पेशींच्या वसाहती उगवतात. म्हणजे पेशीला बाहेरून ‘वाढ’ असा निरोप मिळालेलाच नाही, तरी ती वाढतेय. मग गडबड निरोप पोचवणाऱ्या आतल्या यंत्रणेत असणार.

उत्तर यायला 2005 उजाडलं, आणि आलं ते चार गटांकडून जवळजवळ एकाच वेळी. मजा बघा, सगळ्यांची वाट एक नव्हती. कुणी पेशीतला निरोपाचा मार्ग तपासत गेलं, कुणी कायनेज जनुकांचं सिक्वेन्सिंग केलं, तर कुणी नवव्या गुणसूत्राच्या बिघडलेल्या तुकड्याचा माग काढला. पोचले सगळे जॅक-2 या जनुकाशी. डीएनएतलं एक अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रथिनातल्या 617 व्या जागी व्हॅलिनऐवजी फिनाइलअॅलनिन. या बदलानं जॅक-2 वरचा ब्रेकच सैल होतो. शिवाय तांबड्या पेशी आणि प्लेटलेट्स, दोन्हींसाठीचे निरोप जॅक-2 मधूनच जातात.

पॉलिसायथेमियाच्या सुमारे 95 टक्के पेशंटमध्ये हा बदल सापडतो, बाकी दोन आजारांत साधारण निम्म्यांत. इथेच खरा प्रश्न सुरू होतो. बदल तोच, तर आजार वेगळे का?

एक कारण मात्रेचं. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असणं पॉलिसायथेमियात जास्त दिसतं, थ्रॉम्बोसायथेमियात कमी.

दुसरं कारण मला जास्त आवडतं: क्रम. काही पेशंटमध्ये जॅक-2 सोबत टेट-2 हे जनुकही बदललेलं असतं. केंब्रिजच्या अँथनी ग्रीन यांच्या गटानं 2015 मध्ये दाखवलं, की जॅक-2 आधी बदललं असेल, तर पॉलिसायथेमियाची आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता जास्त असते. शेवटी दोन्ही बदल तेच, पण आधी कोण आलं यानं फरक पडतो. आणि गुठळी म्हणजे हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक असू शकतो, त्यामुळे हा प्रश्न नुसता अभ्यासापुरता नाही.

हा क्रम कळतो कसा? एकेका पेशीपासून वसाहत वाढवायची आणि प्रत्येकीची जनुकं वेगळी तपासायची. काही वसाहतींत फक्त जॅक-2 बदललेलं आणि बाकीच्यांत दोन्ही असतील, तर जॅक-2 आधी आलं. संपूर्ण रक्ताचा डीएनए एकत्र काढला असता, तर हे सहसा हाती लागलं नसतं.

म्हणून पीएचडीसाठी विषय शोधताना ‘जनूक सापडलं’ अशा पेपरवर फुली मारू नका. त्यात किती प्रती, कोणत्या क्रमानं, सोबत आणखी काय, हे विचारलंय का ते बघा. विचारलं नसेल, तर तुमचा प्रश्न कदाचित तिथेच आहे.