साथीच्या आंकड्यांचें वाचन

साथ आली म्हणजे तिच्या मागोमाग आंकडे येतात. एप्रिल २०२१ मध्यें कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत महाराष्ट्रांतील घरोघरीं सायंकाळच्या बातम्यांची वाट पाहिली जात असे, ती या आंकड्यांसाठींच. नवे रुग्ण किती, मृत्यु किती, कालच्याहून अधिक कीं उणे, एवढें कळलें कीं कोणाच्या घरचें लग्न पुढें ढकललें जाई, तर पुण्यास शिकणाऱ्या मुलानें औशास परत यावें कीं तेथेंच राहावें याचा निर्णय होई. ज्या आंकड्यावर घरादाराचे असे निर्णय अवलंबून असतात, तो काय सांगतो आणि काय सांगत नाहीं हें समजून घेणें अगत्याचें आहे. साथ ओसरल्यावर हा विचार अनेकांस निरुपयोगी वाटतो. परंतु शांत चित्तानें विचार करण्याची वेळ तीच होय.

पहिली गोष्ट ही कीं, रोज प्रसिद्ध होणारा आंकडा त्या दिवशीं आजारी पडलेल्यांचा नसतो. औसा तालुक्यांतील एखादा शेतकरी लग्नसमारंभास गेला व तेथें त्यास रोगाची बाधा झाली असें समजावें. चार-पांच दिवस त्यास कांहींच जाणवत नाहीं. मग अंग दुखूं लागतें, ताप भरतो. दोन दिवस काढा घेण्यांत जातात. त्यानंतर तो औशास येऊन तपासणी करून घेतो. घशांतील स्वॅब लातूरच्या प्रयोगशाळेंत जातो, एक-दोन दिवसांनीं निकाल येतो, आणि मग त्याचें नांव जिल्ह्याच्या व राज्याच्या बेरजेंत मिळतें. म्हणजे आज जो आंकडा ऐकूं येतो तो आठ-दहा दिवसांपूर्वींच्या बाधेचा. आज आंकडा लहान दिसतो म्हणून आज धोका लहान आहे असें मानणें, हें कालच्या पंचांगावरून आजचा मुहूर्त काढण्यासारखें आहे.

दुसरी गोष्ट वाराची. लातूरच्या मोंढ्याशीं ज्यांचा संबंध आहे, त्यांस हें सहज पटेल. सुटीच्या दिवशीं मोंढा बंद असला तर त्या दिवशीं सोयाबीनची आवक शून्य असते आणि दुसरे दिवशीं गाड्यांची रांग लागते. यावरून एका दिवसांत पीक बुडालें व दुसऱ्या दिवशीं दुप्पट उगवलें, असें कोणी अडत्या म्हणत नाहीं. तपासणीचेंहि तसेंच आहे. रविवारीं प्रयोगशाळांचें काम मंदावतें आणि त्याचा परिणाम सोमवारच्या आंकड्यांत दिसतो. रविवार, १८ एप्रिल २०२१ रोजीं महाराष्ट्रांत ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. सोमवारीं ही संख्या ५८,९२४ झाली. एका दिवसांत जवळजवळ दहा हजारांची घट पाहून अनेकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला असेल. परंतु मंगळवारीं ६२,०९७ व बुधवारीं ६७,४६८ असे आंकडे आले आणि सोमवारची घट ही केवळ सुटीची छाया होती हें उघड झालें.

यावर उपाय सोपा आहे. कोणत्याहि एका दिवसाचा आंकडा न घेतां लागोपाठच्या सात दिवसांची बेरीज करावी व तिला सातानें भागावें. या सरासरींत आठवड्याचे सातहि वार एकेकदां येतात. त्यामुळें सुटीची उणीव व तिच्यानंतरची भर परस्परांस फेडतात. दुसरे दिवशीं सर्वांत जुना दिवस सोडून नवा दिवस बेरजेंत घ्यावा. अशा रीतीनें वहीच्या एका पानावर महिन्याभराची सरासरी मांडली, तर लाटेची चढउतार डोळ्यांस स्पष्ट दिसते. शाळेंतील सहावी-सातवीच्या मुलास करतां येईल एवढेंच हें गणित आहे.

तिसरी गोष्ट तपासण्यांच्या संख्येची. तालुक्यांत एके दिवशीं १०० जणांची तपासणी झाली व १० बाधित निघाले. आठवड्यानें ३०० जणांची झाली व १५ निघाले, असें धरून चालावें. बाधितांची संख्या दीडपट झाली. परंतु शेंकड्यानें पाहतां तें प्रमाण १० वरून ५ वर आलें. याच्या उलट तपासण्याच कमी झाल्या तर रुग्णहि कमी दिसतात, आणि लोकांस वाटतें कीं साथ ओसरली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें मे २०२० मध्यें असें सुचविलें होतें कीं, भरपूर तपासण्या होत असतां बाधितांचें प्रमाण दोन आठवडे शेंकडा ५ च्या खालीं राहिल्यावर निर्बंध सैल करण्याचा विचार व्हावा. जून २०२१ मध्यें महाराष्ट्र शासनानें जिल्ह्यांचे पांच स्तर ठरविले, तेहि बाधितांचें हें प्रमाण व प्राणवायूच्या किती खाटा भरल्या आहेत या दोन मापांवर. नुसत्या रुग्णसंख्येवर नव्हे.

आंकड्यास लोकसंख्येचीहि जोड द्यावी लागते. २०११ च्या जनगणनेप्रमाणें लातूर जिल्ह्याची वस्ती साडेचोवीस लाख व मुंबईची सुमारें १ कोटी २४ लाख होती. तेव्हां लातुरांत १०० व मुंबईंत ५०० रुग्ण मिळाले, तर दोन्ही ठिकाणीं संकट सारखेंच समजावें; लाखामागें सुमारें चार. मात्र आंकडा फार लहान असतां अशी तुलना जपून करावी. एखाद्या तालुक्यांत काल दोन मृत्यु व आज चार झाले, एवढ्यावरून मृत्यु दुप्पट झाले अशी आवई उठविणें योग्य नव्हे. लहान संख्या योगायोगानेंहि हेलकावे खातात.

आतां मृत्यूंच्या आंकड्याकडे वळावें. बालाघाटच्या डोंगरांत पाऊस पडला म्हणून मांजरा धरणाचें पाणी त्याच घटकेस चढत नाहीं. ओढे-नाले भरत भरत तें खालीं येतें. रुग्णसंख्या हा वरचा पाऊस आणि मृत्युसंख्या हें धरणाचें पाणी. आजार जडल्यापासून मृत्यूपर्यंत साधारणतः दोन-तीन आठवडे जातात. दुसऱ्या लाटेंत भारताची सर्वाधिक दैनिक रुग्णसंख्या, ४,१४,१८८, ही ७ मे २०२१ रोजीं जाहीर झाली. सर्वाधिक मृत्यु, ४,५२९, हे १९ मे रोजीं. मधले बारा दिवस रुग्ण घटत होते आणि मृत्यु वाढत होते. या विसंगतीनें लोक गोंधळले. वस्तुतः विसंगति नव्हतीच. याच कारणानें आजच्या मृत्यूंस आजच्या रुग्णांनीं भागून रोगाची तीव्रता काढणें चूक आहे. लाट चढत असतां असें गणित रोगास सौम्य ठरवितें, आणि उतरत असतां विनाकारण भय वाढवितें.

लाट केव्हां उतरेल हें आंकड्यांवरून ओळखतां येतें काय? कांहीं अंशीं येतें. १८६६ सालीं इंग्लंडांत गुरांवर मोठी साथ आली होती. बाधित गुरांची संख्या वाढतच होती व सर्वत्र हाहाकार उडाला होता. त्या वेळीं विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञानें वर्तमानपत्रांतून लोकांच्या नजरेस आणलें कीं, संख्या वाढत असली तरी वाढीचें प्रमाण कमी होत आहे. यास्तव साथ लवकरच उतरणीस लागेल. आणि तसेंच घडलें. बाजारभाव पाहणाराहि हेंच करतो. भाव किती यापेक्षां तो कोणत्या वेगानें चढतो इकडे त्याचें लक्ष असतें. १०० चे २०० होण्यास पांच दिवस लागत होते, तेथें पंधरा लागूं लागले, तर शिखर जवळ आलें असा तर्क बांधतां येतो. मात्र माणसांचें वागणें बदललें किंवा विषाणूनें नवें रूप घेतलें कीं हा तर्क फसतो, हेंहि ध्यानांत ठेवावें.

या शास्त्रास महाराष्ट्राचा हातभार लागला आहे, ही गोष्ट थोड्यांस ठाऊक असते. साथीच्या चढउताराचें जें गणित आज जगभर वापरलें जातें, त्याचा पाया केरमॅक व मॅकेंड्रिक या दोघा शास्त्रज्ञांनीं १९२७ सालीं घातला. आपलें सूत्र खरें उतरतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं जे आंकडे घेतले, ते मुंबई बेटावर १९०५-०६ मध्यें प्लेगनें आठवड्याआठवड्यास मेलेल्यांचे होते. कोण्या अज्ञात कारकुनांनीं त्या नोंदी नेटकेपणें ठेवल्या नसत्या, तर हें सूत्र ताडून पाहण्यास दुसरा आधार शोधावा लागला असता.

येथें मुख्य मुद्दा येतो. सरासरी, प्रमाण, वेग हीं सारीं साधनें मूळ नोंदीइतकींच खरीं असतात. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें मुंबईंत ६ ऑक्टोबर या एका दिवसांत ७६८ मृत्यु झाले, हें आज सांगतां येतें. कारण मुंबईंत मृत्यूची नोंद होत होती. औसा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें, आणि संस्थानी मुलखांतील नोंदी फार अपुऱ्या होत्या. साऱ्या हिंदुस्थानांत ६० लाख माणसें दगावलीं असा सरकारचा आरंभींचा अंदाज होता. १९२१ ची खानेसुमारी झाल्यावर तो सव्वा कोटीच्या घरांत गेला. साठ लाखांहून अधिक माणसें मरणानंतरहि कित्येक वर्षें हिशेबांत आलीं नव्हतीं.

शंभर वर्षांनीं नोंदींत पुष्कळ सुधारणा झाली; तथापि दोष समूळ गेला नाहीं. १६ जून २०२० रोजीं महाराष्ट्रानें पूर्वीं मोजावयाचे राहिलेले १,३२८ मृत्यु एकदम बेरजेंत धरले. त्यांपैकीं ८६२ मुंबईचे होते. हे लोक त्या दिवशीं मेले नव्हते, मोजले मात्र त्या दिवशीं गेले. याहून मोठी गोष्ट जन्ममृत्यूच्या नोंदवहींत दिसते. देशांत २०२० सालीं सुमारें ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली व २०२१ सालीं १ कोटी २ लाखांची. एका वर्षांत एकवीस लाखांची ही वाढ. आणि त्या वर्षांत कोरोनाचे म्हणून जाहीर झालेले मृत्यु मात्र साडेतीन लाखांहून कमी. वाढीचा कांहीं भाग नोंदणी सुधारल्यामुळें असेल, कांहीं इतर कारणांनीं असेल. २०२१ अखेरपर्यंत भारतांत साथीमुळें ४७ लाख अधिक मृत्यु झाले, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज व ती पद्धति भारत सरकारनें अमान्य केली. वाद कसाहि मिटो. रोज सायंकाळीं ऐकूं येणारा आंकडा हा हिशेबाचा आरंभ होता, शेवट नव्हे, एवढें निश्चित.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कोरोनानें मृत झालेल्यांच्या वारसांस प्रत्येकीं ५०,००० रुपये साहाय्य देण्यास मान्यता दिली. तपासणींत बाधा आढळल्यापासून तीस दिवसांच्या आंत झालेला मृत्यु, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला कां असेना, त्यांत धरला गेला. परंतु ज्याची तपासणीच झाली नाहीं व जो घरींच गेला, त्याच्या विधवेस पुरावा कोठून आणावा हा प्रश्न पडला. जो मृत्यु कागदावर चढला नाहीं, तो राज्याच्या बेरजेंत नाहीं आणि त्या बाईच्या पदरांतहि कांहीं नाहीं.

म्हणून आंकडे वाचण्याइतकेंच ते पुरविणें हेंहि नागरिकाचें काम आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणें मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आंत द्यावयाची असते; शहरांत नगरपरिषदेकडे, खेड्यांत ग्रामपंचायतीकडे. दुःखाच्या दिवसांत हें काम नकोसें वाटतें आणि दहाव्या-तेराव्याच्या धांदलींत मागें पडतें. घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें तें आपल्याकडे घ्यावें, नांव, वय व दिनांक बरोबर लिहविला आहे ना हें पाहावें, आणि दाखल्याची प्रत जपून ठेवावी. पुढच्या साथींत सरासरी काढणारास जी माहिती लागेल, ती अशाच दाखल्यांवरून गोळा होणार आहे.